हॉलमध्ये शाल, आतल्या खोलीत घाम

प्रश्न : आमच्या घरात पुढे हॉल, मग छोटा पॅसेज आणि पॅसेजला लागून दोन खोल्या. मागच्या उन्हाळ्यात जुना दीड टनाचा एसी काढून हॉलमध्ये २ टनाचा स्प्लिट बसवला. मोठा घेतला की आतपर्यंत गार होईल, असा हिशेब होता. आता हॉलमध्ये बसणारा शाल पांघरतो. मुलीच्या खोलीत जेमतेम बरं वाटतं आणि टोकाला असलेल्या सासऱ्यांच्या खोलीत काहीच पोचत नाही. त्यांची खिडकी पश्चिमेला आहे. ते दार लावून झोपतात. उघडं ठेवा म्हटलं की तेवढ्यापुरतं ठेवतात. ‘मला काही उकडत नाही’ म्हणतात, पण बनियन भिजलेली असते. यजमान रिमोटवर १८ करतात, मी उठून २५ करते, आणि हे दिवसातून चारदा होतं. एक मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. दुसरा म्हणतो हॉलच्या एसीवरूनच डक्टिंग करून देतो, म्हणजे मोठ्या नळ्यांतून हवा आतल्या खोल्यांत नेतो. घरच्यांचं म्हणणं, आत आणखी एक दीड टनाचा लावून टाकू. पैसे एकदाच घालायचे आहेत. नेमकं काय करू?

उत्तर :

तुमच्या पत्रात एक शब्द मला पुन्हा पुन्हा दिसला : ‘पोचत नाही’. गारवा पोचत नाही. तुम्ही, यजमान, सासरे, दोन्ही मेकॅनिक, सगळे एका गोष्टीवर एकमत आहात की गारवा ही हॉलमधून आत पाठवायची वस्तू आहे. पण एसी गारवा तयार करून वाटत नाही. त्याच्यातून जी हवा फिरते तिच्यातली उष्णता तो काढून घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याचं काम. तेव्हा प्रश्न थोडा फिरवून विचारा. सासऱ्यांच्या खोलीतली उष्णता हॉलमधल्या मशीनपर्यंत येणार कशी? असं विचारलं की बंद दार, पॅसेज, पश्चिमेची खिडकी, हे सगळं एकदम वेगळं दिसायला लागतं.

आधी त्या ‘मोठ्या’ एसीबद्दल. टन हे वजन नाही हे तुम्हाला माहीत असेल. पण शब्द आला वजनावरूनच. बर्फाने गारवा विकत घ्यायच्या काळात साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढणारं मशीन म्हणजे १ टनाचं. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे तुमचा २ टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर सात किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. एक हॉल आणि दोन साध्या खोल्यांना कागदावर हे भरपूर आहे. ताकद कमी पडलेली नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे, दोर आखूड आहे. विहीर आणखी खोल खणून दोर लांब होत नाही, आणि तुम्ही मागच्या उन्हाळ्यात नेमकं तेच केलंत. रागावू नका, बहुतेक घरांत हेच होतं.

हा दोर किती आखूड आहे ते आकड्यांत सांगतो, कारण इथे अंदाज फार फसवतात. एक घनमीटर हवा एका अंशाच्या फरकाला फक्त १.२ किलोज्यूल उष्णता वाहून नेते. हवा हा फार कुचकामी हमाल आहे. समजा खोलीतून १ किलोवॅट उष्णता काढायची आहे आणि हॉलची हवा खोलीपेक्षा ४ अंशांनी गार आहे. तर तासाला साधारण ७५० घनमीटर हवा आत जायला हवी आणि तेवढीच बाहेर यायला हवी. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे लक्ष द्या. भरलेल्या बाटलीत पाणी ओतता येत नाही, तसं बंद खोलीत हवा ढकलता येत नाही. आतली हवा निघायला वाट असेल तरच नवी आत शिरते.

आता दार. दोन मीटर उंच, ऐंशी सेंटिमीटर रुंद दार सताड उघडं असेल आणि दोन्हीकडच्या हवेत ४ अंशांचा फरक असेल, तर पंखा न लावताही खालच्या अर्ध्या भागातून गार हवा आत सरकते आणि वरच्या अर्ध्यातून गरम बाहेर येते. यातून पाऊण किलोवॅटच्या आसपास उष्णता निघते. वाईट नाही. म्हणूनच मुलीच्या खोलीत ‘जेमतेम बरं’ वाटतं.

पण सासऱ्यांची खोली टोकाला आहे. मध्ये पॅसेज आहे, म्हणजे उष्णतेला दोन उंबरठे ओलांडायचे आहेत. चार अंशांचा फरक दोघांत वाटला गेला की प्रत्येक उंबरठ्यावर दोनच अंश उरतात. आणि फरक निम्मा झाला की निघणारी उष्णता निम्मी होत नाही, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, कारण फरक कमी झाल्यावर हवाही मंदावते. उरलं पाव किलोवॅटच्या थोडं वर. ते दार लावलं की खालची एक सेंटिमीटरची फट तेवढी राहते. हॉलमध्ये कितीही जोराचा पंखा लावला तरी त्या फटीतून जे जाईल ते पन्नास वॅटच्या घरात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे ती फट सासऱ्यांच्या स्वतःच्या उष्णतेलाही पुरत नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, मी सांगतच होते, त्यांनी दार उघडं ठेवायला हवं. इथे मी तुमच्या बाजूने नाही. दार लावून झोपायचा हक्क माणसाला असतो. टीव्हीचा आवाज, येणारंजाणारं, दुपारी बनियनवर पडायची मोकळीक, यातलं काहीही कारण असू शकतं आणि त्यांनी ते सांगायलाच हवं असंही नाही. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभराची सवय सोडली तरच चालेल असा उपाय, तो चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी दार पुन्हा लागतं. दार लागणारच, हे धरून चालू.

‘मला काही उकडत नाही’ हे मात्र शब्दशः घेऊ नका. वय वाढतं तसं उकाड्याची आणि तहानेची जाणीव बोथट होते. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कमी जाणवत असतं, पण शरीरावरचा ताण कमी झालेला नसतो. काही औषधांनी हे आणखी वाढतं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. माझ्या दृष्टीने तुमच्या घरातला पहिला प्रश्न रिमोटचा नाही, हॉलचा नाही, त्या टोकाच्या खोलीचा आहे. पैसे एकदाच घालायचे असतील तर ते तिथे पडायला हवेत.

तरी रिमोटचं एकदा मिटवून टाकू. एसीचा तापमान मोजणारा सेन्सर सहसा इनडोअर युनिटमध्येच, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेवर असतो. त्याला हॉलच्या वरच्या कोपऱ्याइतकंच जग माहीत. तिथे २५ झालं की त्याच्या लेखी घर गार झालं. टोकाच्या खोलीत ३२ आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. यजमान १८ करतात ते वेडेपणाने नाही. हॉल जास्त गार केला की आतल्या खोल्यांशी फरक वाढतो आणि दारातून जास्त उष्णता निघते, हे वर आलंच आहे. त्यामुळे १८ ला आतल्या खोल्यांना थोडा फायदा होतोही. फक्त तो फायदा हॉलमधल्याला थंडीत बसवून मिळतो आणि दार लागलं की तोही जातो. ‘१८ ला लवकर गार होतं’ हे कारण असेल तर ते सोडा. साधा एसी २५ वर असो की १८ वर, त्याच जोराने चालतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करणारा, तोही सुरुवातीला बहुतेक पूर्ण जोर लावतोच. तेव्हा २५ आणि वर छताचा पंखा मंद. अंगावरून वारा गेला की दोन-तीन अंशांनी गार वाटतं, हॉलमध्ये एवढं पुरतं.

खर्चाच्या आधी एक आठवडा मोजा. भिंतीवर टांगायचे साधे डिजिटल तापमापक दोन घ्या, आर्द्रता दाखवणारे मिळाले तर उत्तम. पहिल्या रात्री दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते बघा, नाहीतर अर्ध्या अंशाच्या चुकीवर घरात नवा वाद सुरू व्हायचा. मग एक हॉलमध्ये, एक सासऱ्यांच्या खोलीत, दोन्ही माणूस बसतो त्या उंचीवर, उन्हात नको, एसीच्या झोतात नको. सकाळी, दुपारी तीनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री नऊला आकडे लिहा, शेजारी दार उघडं होतं की बंद तेही. आणि टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी दाराच्या खालच्या फटीशी धरून बघा, मग दार थोडं किलकिलं करून वरच्या टोकाशी धरा. पट्टी कुठे झुकते त्यावरून हवा कुठून कुठे जातेय ते दिसतं. मुलीला सांगा, ती आनंदाने करेल.

याच आठवड्यात फिल्टर धुऊन घ्या. ही सगळ्यात फुकटची गोष्ट आणि सगळ्यात विसरली जाणारी. जाळी धुळीने भरली की युनिटमधून जाणारी हवा कमी होते, झोत दारापर्यंतही पोचत नाही, आणि फारच अडली तर आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतो. बर्फ धरलेला एसी बघून लोक म्हणतात, केवढा गार करतोय! उलट असतं, तो गुदमरलेला असतो. फिल्टर स्वच्छ असूनही झोत मंद असेल तर ब्लोअरच्या नळकांड्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसलेला असतो. तो जाळी धुऊन जात नाही, सर्व्हिसिंगवाल्याकडून पाण्याच्या फवाऱ्याने काढून घ्यावा लागतो. बाहेरच्या युनिटची मागची जाळीही बघा. त्याच्यासमोर सामान, भिंत किंवा शोभेची बंदिस्त जाळी असेल तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं.

आता गॅसवाल्या मेकॅनिकचं. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा हवेत. तेव्हा ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्याला एकच विचारायचं : गळती कुठे आहे ते दाखवा. स्वतः तपासायचं तर एसी कमी तापमानावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग एकच तापमापक आधी वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा, नंतर खाली झोतात. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक येत असेल तर मशीन आपलं काम करतंय. तुमच्या हॉलमध्ये लोक शाल पांघरतात, त्यामुळे मला तरी गॅसचा संशय येत नाही. गळती खरंच सापडली तर दुरुस्ती करणाऱ्याला एसीवरच्या पट्टीवर कोणता गॅस लिहिलाय ते वाचायला सांगा आणि वजन करून भरायला सांगा. आजकालच्या पुष्कळ मशीनमध्ये आर-३२ असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. बंद खोलीत पेटत्या ज्योतीजवळ ते काम नको.

मोजलेल्या आकड्यांत मला एका ओळीची उत्सुकता आहे, रात्री नऊच्या. माझा अंदाज असा की टोकाची खोली दुपारी तीनपेक्षा संध्याकाळी सहाला जास्त तापलेली असेल आणि नऊलाही फारशी उतरलेली नसेल. तसं निघालं तर खरा गुन्हेगार पॅसेज नाही, पश्चिम आहे.

लंब पडणाऱ्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरला १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा असते. दुपारनंतर पश्चिमेच्या साध्या काचेतून तिच्यातली निम्मी तरी आत येते असं धरा. दीड चौरस मीटरची खिडकी म्हणजे पाऊण किलोवॅटची शेगडी, रोज दोन-तीन तास पेटलेली. वरचा आकडा आठवतोय? लागूनच्या खोलीचं उघडं दार जेवढी उष्णता बाहेर नेतं, तेवढीच ही खिडकी आत ओतते. सासऱ्यांनी दार उघडं ठेवावं म्हणून जो वाद चालला आहे, तो जिंकलात तरी खिडकी तुमच्या हातातून सगळं काढून घेईल.

पडदा आहे, असं म्हणाल. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. तोपर्यंत ते काच ओलांडून आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोलीतच ती उष्णता सोडतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बाहेरून चिक, कापडी छत, उभ्या पट्ट्यांची झडप, गॅलरी असेल तर दाट वेल, जे जमेल ते. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, म्हणून वरचा छोटा छज्जा त्याला पुरत नाही, समोरूनच आड काहीतरी लागतं. बाहेरून काहीच लावता येत नसेल तर काचेला ऊन परतवणारी फिल्म, पण ती दुसऱ्या नंबरचा उपाय.

आणि भिंत. ती दुपारभर ऊन पीत बसते आणि काही तासांनी आतल्या बाजूने सोडायला लागते. रात्री नऊला तळहात लावून बघा. आपल्याला उकडतं ते फक्त हवेमुळे नाही. आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची धगही अंगावर येत असते. म्हणून तापमापक २८ दाखवत असताना तापलेल्या भिंतीशेजारच्या पलंगावर झोपलेला माणूस घामाघूम असू शकतो. पलंग त्या भिंतीपासून हलवता आला तर आजच हलवा, याला काही लागत नाही. घर वरच्या मजल्याचं असेल तर हेच सगळं छताला लागू आहे, आणि तिथे गच्चीला पांढरा परावर्तक लेप किंवा उष्णतारोधक थर हा कुठल्याही एसीआधीचा खर्च आहे.

हे झाल्यावर हवेची वाट. मुलीच्या खोलीसाठी मी नवीन एसीचा विचारही करणार नाही. तिथे दोर थोडाच आखूड आहे. हॉलच्या एसीच्या झडपा आडव्या करून झोत पॅसेजच्या दिशेला वळवा. खाली वळवलात तर गार हवा सोफ्यापाशीच साचते. आणि एक टेबलफॅन पॅसेजच्या तोंडाशी, हॉलच्या बाजूला, जमिनीवर ठेवा. टेबलावर नव्हे, जमिनीवर. तोंड आतल्या खोलीकडे. गार हवा जड असल्याने खालून वाहते, तिलाच पुढे ढकलायचं, आणि दाराचा वरचा अर्धा भाग गरम हवेला परत यायला मोकळा सोडायचा. मी स्वतः दोन उन्हाळे उंच स्टँडचा पंखा दाराच्या चौकटीत बरोबर मधोमध उभा करून ठेवला होता, दिसायला फार समर्थ दिसायचा. तो परतीची वाटच अडवत होता, हे मला पट्टी धरून बघितल्यावर कळलं.

दार बंद ठेवूनही हवा फिरावी असं वाटत असेल तर दाराच्या खाली आणि वर दोन्हीकडे झरोके लागतात. जुन्या दारांवर तावदानाची उघडणारी झडप असायची ती काही उगीच नव्हती. खाली आडव्या पट्ट्यांची जाळी आणि वर झरोका असला की दिसत काही नाही पण हवा जाते. आवाज मात्र थोडा जातो, हे आधी सांगून ठेवा. झरोक्यात छोटा पंखा बसवून देणारेही भेटतील. अशा छोट्या पंख्याने तासाला अडीचशे घनमीटर हवा खरंच ओढली, तरी चार अंशांच्या फरकाला त्यातून एक तृतीयांश किलोवॅट उष्णता निघते. मुलीच्या खोलीला तेवढं पुरेल. पश्चिमेच्या खोलीला नाही, आणि उशाशी घरघर वेगळी.

एक धोका सांगून ठेवतो. आतल्या खोलीची गरम हवा बाथरूमच्या एक्झॉस्टने बाहेर फेकली की हॉलची गार हवा आपोआप येईल, अशी युक्ती कुणीतरी सुचवेलच. बाहेर जितकी हवा फेकाल तितकीच बाहेरची तापलेली हवा फटींतून घरात शिरते, त्यामुळे हाती फारसं काही लागत नाही. आणि घरात गॅसचा गीझर असेल तर हा प्रकार अजिबात नको. ओढीमुळे जळलेला धूर उलटा घरात येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता सासऱ्यांच्या खोलीचा निर्णय. दार बंद राहणार, खोली टोकाला, खिडकी पश्चिमेला. बाहेरून सावली केल्यानंतरही आकडे वरच राहिले, तर तिथे वेगळा छोटा एसी हेच सरळ उत्तर आहे आणि त्यात घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चूक ‘दीड टन’ या शब्दात आहे. सावली केलेल्या मध्यम आकाराच्या झोपायच्या खोलीतली उष्णता बहुतेक वेळ एक ते दीड किलोवॅटच्या आसपास असते. १ टनाचा म्हणजे साडेतीन किलोवॅटचा. तोही पुरून उरतो. त्याहून लहान चांगल्या प्रतीचा मिळाला तर मी तोच बघेन. इन्व्हर्टर घ्या आणि तो किती कमी क्षमतेपर्यंत उतरू शकतो ते माहितीपत्रकात वाचा. सगळे जास्तीत जास्त आकडा विचारतात, रात्रभर उपयोगी पडतो तो कमीत कमी आकडा.

मोठं मशीन लहान खोलीत का नको, याचं कारण घामात आहे. ते झटकन तापमान उतरवून थांबतं, आणि दमट हवेतलं पाणी कॉइलवर गाळून काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण चिकट. गंमत म्हणजे विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचं मुख्य काम माणसांना गार करणं नव्हतंच. दमट हवेने कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, म्हणून हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवायची होती. ते काम आजही एसीचं अर्धं काम आहे आणि आपण टन मोजताना ते विसरतो.

सासरे ‘मला एसी नको’ म्हणतील. म्हणू देत. २७ वर आणि वर मंद पंखा, झोत पलंगाच्या आडवा जाईल असा, थेट अंगावर नाही. बहुतेक वयस्कर माणसांचा राग गारव्यावर नसतो, डोक्यावर येणाऱ्या झोतावर असतो. आणि रिमोट त्यांच्या उशाशी. नुसत्या पंख्यावर भिस्त मात्र नको. खोली त्वचेच्या तापमानाजवळ, ३५ च्या आसपास गेली की पंखा गरमच हवा अंगावर घालतो.

डक्टिंगचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या बाबतीत ते मला पटत नाही. भिंतीवरच्या स्प्लिटच्या तोंडाला डक्ट जोडून देतो म्हणणारा मेकॅनिक असेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा. त्या युनिटचा ब्लोअर मोकळ्या खोलीत हवा सोडण्यासाठी बनवलेला असतो, लांब नळीतून ढकलायचा दाब त्याच्यात नसतो. डक्टसाठी वेगळं, छतात लपणारं युनिट येतं. त्याला खोटं छत लागतं, उंची जाते, आणि घर नव्याने करत असाल तेव्हाच ते परवडतं.

ज्यांच्या घरी असं डक्टचं काम आधीच झालेलं आहे आणि तरी एक खोली गार, एक गरम, अशा वाचकांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच लिहितो. तुमच्याकडेही बहुतेक वेळा रोग परतीच्या वाटेचाच असतो. प्रत्येक खोलीत हवा सोडणारी जाळी, पण हवा परत ओढणारी एकच, हॉलमध्ये. दार लावलं की खोली फुगते आणि नवी हवा आत येणं मंदावतं. दार बंद असताना खोली आणि हॉल यांच्या दाबात ३ पास्कलपेक्षा जास्त फरक नसावा असा या धंद्यातला एक मापदंड आहे. हा फरक पाण्याच्या ०.३ मिलिमीटर थराएवढा, म्हणजे किती नाजूक गोष्ट आहे बघा. दाराखाली फट वाढवणं, भिंतीत आरपार जाळी, किंवा छतातून हॉलकडे जाणारी छोटी नळी, यातलं एक करून घ्या. न वापरत्या खोलीची जाळी बंद करून ‘गारवा वाचवू’ नका. त्याने डक्टमधला दाब वाढतो, सांध्यांतून गळती वाढते आणि पुष्कळ जाळ्या बंद केल्या तर कॉइलवर बर्फ धरतो. कमीजास्त करायचं ते मुख्य डक्टमधल्या डॅम्परने, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेने, थोडं थोडं. आणि सांधे कापडी डक्ट टेपने बंद केले असतील तर ते पुन्हा बघा. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये सांधे बंद करायचे वेगवेगळे प्रकार तापवून-थंड करून तपासले तेव्हा सगळ्यात वाईट ठरली ती नेमकी डक्टचं नाव लावणारी कापडी टेपच. सांध्यांना मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या घट्ट चिकट लेपाचा, थर लावतात, तो टिकतो.

तर तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात मोजणं, फिल्टर, पलंग हलवणं. पुढच्या आठवड्यात पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून आडोसा, आणि मग पुन्हा सात दिवस मोजणं. बाहेरच्या आडोशाने संध्याकाळी सहाचा आकडा तीन-चार अंशांनी उतरला तर यंदाचा उन्हाळा त्यावरच निघेल का ते बघा, एसीची घाई करू नका. नाही उतरला तर १ टनाचा किंवा लहान इन्व्हर्टर त्या खोलीत. तो आला की हॉलच्या मशीनवरचा भार उतरेल आणि १८-२५ च्या भांडणातला यजमानांचा मुद्दाच संपेल, कारण आत पोचवायला काही उरणार नाही.

बसवताना बाहेरचं युनिट हॉलच्या बाहेरच्या युनिटसमोर तोंड करून लावू देऊ नका, एकाची गरम हवा दुसरा ओढतो. आणि पाणी जाणाऱ्या नळीला भिंतीच्या भोकापासूनच बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, हे मेकॅनिक जायच्या आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. नाहीतर ते पाणी सासऱ्यांच्या पलंगावर टपकेल आणि मग तो एसी पुन्हा कधी चालू होणार नाही.